मंडप कोनाचा?

शकुनबाई कुठेही बसण्याआधी विचारायच्या, "मंडप कोनाचा?" लग्न असो, कीर्तन असो की आमदाराची सभा, उत्तर मिळाल्याशिवाय बाईंचं बूड टेकत नसे. मी चंद्रपूरचा मंडपवाला. जन्मभर लोकांना सावली भाड्याने दिली, पण त्या प्रश्नाची धार मला त्यांच्यामुळेच कळली.

बाई गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावाच्या सरपंच. गावामागच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण येणार होती, आणि त्याच डोंगरातून निघणाऱ्या नाल्यावर गावाचं धान आणि पिण्याचं पाणी अवलंबून होतं. खाणीचा पर्यावरण अहवाल उशीएवढा जाड. तो वाचून घ्यायला पंचायतीला पाण्याचा जाणकार हवा होता. त्यासाठी पैसा मात्र कुठल्याच खात्यात नव्हता. जनसुनावणीचा मंडप खाण कंपनीच्या खर्चाने होता. त्यासाठी मी जागा मोजायला गेलो, तेव्हा कंपनीचे साहेब गोड आवाजात सांगत होते, "बाई, तज्ज्ञ तुम्हीच निवडा. खर्च आम्ही करतो."

"म्हंजे मंडप तुमचाच झाला न जी!" बाई हसल्या. "आमच्यात पाव्हना घरवाल्यासंगं भांडत नाई. मंग मी बोलू कशी?"

ग्रामसभेने तेंदूपत्त्याचे पैसे समाजमंदिराच्या छपरासाठी ठेवले होते. बाईंनी ते नागपूरच्या एका जाणकारासाठी वळवले. लोक खवळले, "बाई, छप्पर गळून राह्यलं!"

"गळू द्या. गळते म्हंजे पानी तं हाये!"

सुनावणीच्या दिवशी वैशाखाचं ऊन. माझ्या मंडपात कूलर, खुर्च्या आणि पुरीभाजीचा घमघमाट. बाईंनी रस्त्यापलीकडे बांबू आणि जांभळीच्या डहाळ्यांचा आपला मंडप घातला होता. अख्खं गाव तिथे बसलं.

सुनावणी घेणारे अधिकारी माइकवर म्हणाले, "इकडे येऊन बोला. नाहीतर गावाचा आक्षेप नाही, असं लिहावं लागेल."

पलीकडे चुळबुळ सुरू झाली. एक म्हातारा उठला. बाई मान न वळवता म्हणाल्या, "जा न भाऊ, पुरी खाऊन ये. पन मंग नाल्याचं नाव नको काढू."

म्हातारा खाली बसला. मी कूलरसमोर उभा, तरी मला घाम फुटलेला.

शेवटी अधिकारीच उठले आणि रस्ता ओलांडून गेले. माइकची वायर तिकडे पोचेना. कंपनीच्या साहेबांनी माझ्यावर डोळे वटारले. मी वायरचं दुसरं बंडल जोडलं.

बाईंनी अधिकाऱ्यांच्या हाती पाण्याचा पेला दिला. "नाल्याचं हाये जी. आता तुमी आमचे पाव्हने. भांडाचं नाई."

मग जाणकाराने अहवालातली ओळ वाचली: उन्हाळ्यात नाला कोरडा असतो.

अधिकारी हातातल्या पेल्याकडे बघत राहिले.

"एवढी एक ओळ सापडाले आमी छप्पर गळू देल्लं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या गावावर हे पाळी नको. जानकार लावाले सरकारनं पंचायतीले पैसे द्याव. कंपनीच्या हातानं नाई. लिहा जी."

त्यांनी लिहिलं. नाल्याचा अभ्यास पुन्हा करायला सांगून सुनावणी पुढे ढकलली.

दुसऱ्या सुनावणीच्या तोंडावर बाई गेल्या. तेरवीला कंपनीचे साहेब हार घेऊन आले. लोकांनी हात जोडले, "या जी, जेवून जा."

साहेब तेरवीच्या मंडपाच्या कडेशी थबकले. माझ्या कानाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "मंडप कोणाचा?"

"गावाचा," मी म्हणालो.

साहेब शेवटपर्यंत उन्हातच उभे राहिले.