पालथी केलेली काई

झाशी स्टेशनच्या पार्सल ऑफिसातला तो कारकून मला मुळीच आवडत नाही. कामगारांच्या हक्कांसाठी मी गेटवर तासभर ओरडतो, पत्रकं वाटतो, आणि ऐकायला असतात चौघं. हा जेवणाच्या सुट्टीत इंजिनात पाणी भरायच्या गळक्या नळापाशी नुसता उकिडवा बसतो, तर दहा-बारा फिटर त्याच्याभोवती! कशासाठी? ओल्या मातीवरच्या दोन चपट्या, हिरव्या वनस्पतींसाठी. तो त्यांना यकृतका म्हणतो, बाकीचे काई, म्हणजे शेवाळ. बोलतो अगदी हळू, आणि प्रत्येक वाक्याआधी चष्मा पुसतो.

परवा मी गर्दीत घुसलोच. "दोन्ही एकच काई आहे ही! लोकांचा वेळ का खाता?"

"पालथी करून बघा ना, भैयाजी."

केली. एक खालून जांभळी निघाली, दुसरी हिरवीच.

"नेताजी, फेल हो गए!" फिटर खिदळले.

तो हसला नाही. भिंग माझ्या हातात देत म्हणाला, "आता यांना दोघींतला फरक तुम्हीच समजावून सांगा."

मी सांगितलं. हातातले डबे खाली ठेवून सगळे पुढे सरकले. इतकी माणसं माझं ऐकतात, हे मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि तीही त्यानेच मला दिलेली. ही मेहेरबानी मागितली होती कोणी?