चौकशीचा रकाना

माझ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त संताप आणणारा मनुष्य हा मी पाहिलेला सर्वांत सभ्य मनुष्य होता. शिवाय तो माझा व्याही होता. शेजारी असता तर बोलणे बंद केले असते, नोकर असता तर काढून टाकला असता. पण ज्या घरात आपली मुलगी दिली आहे त्या घरातील कर्त्या पुरुषावर रागावण्याची सोय आपल्या समाजाने ठेवलेली नाही. माझा राग मला कित्येक वर्षे चहाबरोबर गिळावा लागला.

व्याही टपाल खात्यात होते. पस्तीस वर्षे नाशिकरोडला पत्रांची वर्गवारी केली आणि निवृत्तीनंतर देवळाली कॅम्पात राहायला गेले. एवढी पत्रे हाताखालून गेल्यामुळे माणूस पत्रांना विटायला हवा. यांचे उलटे झाले. छापील पत्र त्यांना सहन होत नसे. त्यात निदान एक तरी ओळ अशी हवी की जी दुसऱ्या कोणाला लिहिताच येणार नाही, हा त्यांचा हट्ट. आमच्या मुलांच्या लग्नात त्यांनी आपल्या बाजूच्या प्रत्येक पत्रिकेवर स्वहस्ते चौकशी लिहिली. कोणाच्या विहिरीला पाणी लागले का, कोणाचा जावई परत आला का. परिणामी निम्म्या पत्रिका लग्नानंतर चौथ्या दिवशी पोचल्या. टपाल खात्यातील माणसाच्या मुलाचे लग्न, आणि पत्रिका उशिरा. मी जाब विचारला तेव्हा म्हणाले, “नाना, पत्र उशिरा पोचलेलं चालतं. रिकामं पोचू नये.” समोरासमोरही हाच प्रकार. बसच्या कंडक्टरला प्रकृती विचारत आणि मग उत्तराची वाट पाहत. तो “बरंय” म्हणाला की हे म्हणत, “नाही, मी खरंच विचारतोय.” मागचे प्रवासी सुट्या पैशांसाठी हात पुढे करून उभे.

मेन रोडला माझे चष्म्याचे दुकान होते. नव्वदचे दशक संपता संपता कॉलेज रोडला काचेच्या दर्शनी भागाचे मोठे दुकान उघडले. तिथे डोळे संगणकावर फुकट तपासत. माझी जुनी गिऱ्हाइके एकेक करून तिकडे गेली. दिवाळीपर्यंत ती परतली नाहीत तर दुकान सोडायचे, असे मी मनाशी ठरवले होते. हे मी कोणालाही सांगितले नव्हते. फक्त व्याह्यांना एवढे म्हणालो, की जुन्या गिऱ्हाइकांना दसऱ्याआधी पत्रे जायला हवीत: आपण अमुक साली चष्मा केला, नंबर तपासून घ्यावा. दोन वाक्ये. साठी उलटल्यावर व्याही क्लास लावून संगणक शिकले होते. त्यांनी ते काम माझ्या हातून अक्षरशः ओढून घेतले.

काम सोपे होते, हे आजही माझे मत आहे. दुकानातील जुन्या संगणकात गिऱ्हाइकांची नावे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये होती. एका ओळीत एक गिऱ्हाईक. नाव, पत्ता, नंबर, साल, मध्ये स्वल्पविराम. ती फाइल तक्त्यात ओढायची, म्हणजे प्रत्येक गोष्ट आपापल्या रकान्यात बसते. मग एकच पत्र लिहायचे, आणि संगणक तक्त्यातील एकेक ओळ उचलून त्या पत्रात भरत जातो. व्याही फ्लॉपी घेऊन गेले. तिला ऊन लागू नये म्हणून ती पोळीच्या डब्यात ठेवत आणि बसमध्ये डबा मांडीवर धरून बसत. आठवड्याने आले ते तोंड पाडून. आमच्या नाशकातील पत्ता दोन-तीन देवळांवाचून पूर्ण होत नाही, आणि प्रत्येक देवळानंतर स्वल्पविराम. संगणकाने दर स्वल्पविरामाला नवा रकाना धरला. पंचवटीच्या एका वकिलांच्या चष्म्याचा नंबर ‘दत्तमंदिरामागे’ असा निघाला. मी म्हणालो, देवळे काढून टाका, पिनकोड पुरे. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू मी मूर्ती फोडायला सांगितल्या. “पोस्टमन पिनकोडवर चालत नाही, नाना. देवळावर चालतो.” बाराशे पत्ते त्यांनी एकेक करून हाताने नीट केले. दसरा गेला.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याला मी अजून क्षमा केलेली नाही. तक्त्यात त्यांनी स्वतःच्या मनाने एक रकाना वाढवला. त्याचे नाव ‘चौकशी’. प्रत्येक पत्रात चष्म्याच्या दोन वाक्यांआधी त्या त्या माणसाची विचारपूस यायची होती. ती माहिती कुठून आणली? माझ्याच दुकानातील बाकावर बसून, गिऱ्हाइकांकडून गिऱ्हाइकांची; उरलेली फोनवरून. या चौकशा त्यांनी निराळ्या फाइलमध्ये ओळीने टाइप केल्या आणि नावांच्या शेजारी आणून लावल्या. मात्र एका लांबलेल्या चौकशीच्या मध्येच त्यांच्या हातून नवी ओळ सुरू झाली. एकीच्या दोन झाल्या, आणि तिथून खालची प्रत्येक चौकशी एक घर खाली सरकली. बाराशे पाकिटे त्यांनी दिवाळीच्या तोंडावर स्वतः तिकिटे लावून पेटीत टाकली.

पहिले आले ते गंगापूर रोडचे एक निवृत्त मास्तर. “नाना, मी सत्त्याहत्तर वर्षांचा अविवाहित मनुष्य आहे,” ते म्हणाले आणि पत्र माझ्यापुढे धरले. ‘बाळंतपण सुखरूप झाले ना?’ पाठोपाठ पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षवाले दाढीचे खुंट खाजवत आले. “आवो नाना, ह्यो गुडघा माझा नाय. माझा तं मणका हाय. गुडघेवाला कोन ते सांगा, जाता जाता त्याच्या घरी चिठ्ठी टाकतो.” दोन दिवसांत दुकानात वीस माणसे परस्परांची दुखणी हातात घेऊन उभी होती. वणीच्या एका बाईंनी तर आपल्याला आलेल्या पत्रातील म्हशीच्या मालकाचा शोध बाकावरच लावला.

माझे नावही यादीत होते. मलाही पत्र आले. ‘अलीकडे झोप लागते का?’ कुठल्या तरी रात्रपाळीच्या चौकीदाराचा प्रश्न माझ्या टेबलावर येऊन पडला होता. मी व्याह्यांना बोलावून घेतले. ते पायरी चढत होते तेव्हाच, गिऱ्हाइकांसमोर, मी ते पत्र त्यांच्या अंगावर टाकले आणि हे कोणाचे, असे विचारले. त्यांनी ते उचलले, घडी नीट केली, परत माझ्या हातात दिले. “असेल कोणाचं तरी. राहू द्या तुमच्याकडे.” मी म्हणालो, “माझ्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवू नका.” मुलीचा बाप व्याह्याला असे बोलला. मुलगी त्यानंतर दोन महिने माहेरी आली नाही.

व्याही मात्र येत राहिले. पाऊल ठेवू नका म्हटले होते, म्हणून फुटपाथवर उभे राहत. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथूनच प्रकृती विचारत. उन्हात, छत्री धरून. मी मान वर करत नसे. पत्रे परत करायला आलेल्या माणसांपैकी पुष्कळांनी बसल्या बसल्या डोळे तपासून घेतले. त्या दिवाळीला मी दुकान बंद केले नाही. पुढेही सात वर्षे ते चालले. याचे श्रेय मी त्यांना कधी दिले नाही आणि पायरीवरचे शब्दही मागे घेतले नाहीत. सणावारी त्यांच्या घरी जात असे, ते माझ्या घरी येत. दुकानात आले नाहीत.

गेल्या वर्षी ते गेले. मुलीने त्यांचे कागद रद्दीत घालण्यापूर्वी माझ्याकडे आणले. त्यात चौकशांची मूळ यादी होती, क्रमांक घातलेली. मी ती नावांशी लावून पाहिली. चुकीची ओळ अडतिसावी. तिच्या आधीच्या सदतीस चौकशा आपापल्या माणसाकडे बरोबर गेल्या होत्या. यादीत पहिले नाव माझे होते.

त्या दिवसांत मी पहाटेपर्यंत जागा असे. त्यांनी ते कशावरून ओळखले, मला ठाऊक नाही. समोर विचारले असते तर मी ‘ठीक आहे’ म्हणून विषय संपवला असता, एवढे त्यांना माझ्याविषयी नक्की ठाऊक होते. उत्तर दोन शब्दांचे होते. नाही लागत. आणि आणखी दोन शब्द मला म्हणायचे होते, फुटपाथकडे पाहून. आत या.