मेजूल, जाहिदी, बरही आणि वहिनी

खजुराच्या बागेतल्या पॅकिंग शेडमध्ये वहिनी वीस वर्षं फळं निवडत होत्या. नुसत्या बोटांनी चाचपून जात सांगायच्या, हा मेजूल, हा जाहिदी, ही बरही. झाडांचं काम नवऱ्याकडे. त्या वर्षी ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर तो झाडावरून पडला, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळला.

खजुरात वाऱ्याच्या भरवशावर राहून चालत नाही. मादी झाडाचा फुलोरा उघडला की चार-पाच दिवसांत वर चढून त्यात नरफुलांच्या काड्या बांधायच्या, नाहीतर वर्ष हातचं गेलं. बागेच्या मालकांनी चारही दिशांना निरोप धाडले, पण सगळे गडी आपापल्या बागांत अडकलेले. तेव्हा वहिनी म्हणाल्या, मी चढते.

"पडलात तर मी काय तोंड दाखवू?" मालक म्हणाले.

"आणि झाडं रिकामी राहिली तर?"

मालकांनी चढायचा दोर काढून दिला.

फळं ओळखता येत होती, झाडं नव्हती. मग रोज संध्याकाळी त्या प्रत्येक जातीची एक झावळी उशाशी आणायच्या आणि नवरा पडल्यापडल्या शिकवायचा: हिचा काटा बघ, ही आपल्याकडे सगळ्यात उशिरा उघडते, हिला घाई करू नकोस.

पहिल्या दिवशी अर्ध्यावरूनच गुपचूप उतरल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा चढल्या. अकरा दिवसांत बावन्न झाडं झाली.

पुढे मेजूलचे घड विरळ करायची वेळ आली. वहिनींनी निम्म्याहून जास्त कोवळी फळं छाटून टाकली. खाली सडा पडलेला पाहून मालक धावत आले. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली, की बाईने बागेचं वाटोळं केलं. वहिनींनी कानाआड केलं.

तोडणीच्या दिवशी नवऱ्याला खुर्चीसकट हातगाडीवर बसवून बागेत आणलं. बरहीचे पिवळेधमक घड वाकून लोंबत होते. मेजूलचं एकेक फळ अंगठ्याहून मोठं. तो वर बघत म्हणाला,

"माझ्या हातून मेजूल एवढा कधी झाला नव्हता."

"तुम्ही छाटताना हात आखडता घ्यायचात," वहिनी म्हणाल्या, आणि तोच आधी हसला.

पुढच्या हंगामात मालक स्वतः विचारायला आले. वहिनी तयारच होत्या, फक्त एकट्या नाही. त्या वर्षी बागेत तिघी चढल्या, तिघीही शेडमधल्याच.