हरलेल्या विचारांची वकिली

डोंबिवलीत आमच्या शेजारी जीवशास्त्राच्या एक निवृत्त बाई राहतात. विज्ञानात खोट्या ठरलेल्या जुन्या समजुतींची बाजू त्या चष्मा कपाळावर ढकलून हिरिरीने मांडतात आणि समोरच्याने हरवेपर्यंत हटत नाहीत.

आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, पण गावच्या शाळेत सगळं पाठ करून शिकलेली. कल्याणच्या एका शाळेत नोकरीसाठी नमुना पाठ द्यायचा होता. मुलांनी ‘कशावरून?’ विचारलं तर काय, या धास्तीने मी बाईंकडे गेलेले.

"कुजक्या मांसातून अळ्या आपोआप जन्मतात," बाई म्हणाल्या. "शेकडो वर्षं शहाणी माणसं हेच मानत होती. खोडून दाखव!"

मी त्यांच्या गॅलरीत दोन बरण्यांत बोंबलाचे तुकडे ठेवले. एक बरणी उघडी, दुसरी झाकण लावून. अळ्या फक्त उघडीत झाल्या.

"अगं, दुसरीत हवा जाऊच दिली नाहीस की! हवेशिवाय जीव जन्मेल कसा?"

मग मी नवे तुकडे घेतले आणि झाकणाऐवजी मलमल बांधली.

"बाई, तुमच्याकडे कोण मेलंय?" वरचे काका वासाने ओरडले.

"मेलं नाही हो, कोण जन्मतंय ते बघतोय!"

एका सकाळी पाहिलं, तर आत एकही अळी नव्हती. मलमलीवर मात्र बाहेरून पांढरी अंडी चिकटली होती.

"माश्या!" मी किंचाळलेच. "बाई, अळ्या माश्यांच्या अंड्यांतून येतात!"

"हरले गं, हरले!" बाईंनी टाळ्या पिटल्या. "उद्याच्या पाठाचे कागद कुठायत तुझे?"

"घरी."

"राहू देत तिथेच."