शेवटचे पाच खटके

औंढ्याच्या गेणूभाऊंशी बोलायचं असेल तर आधी त्यांच्या मशीनवर लाल फडकं आहे का ते बघायचं. फडकं असलं की तोंड मिटून उभं राहायचं, मग काम कितीही तातडीचं असो. हा नियम त्यांनी स्वतः घातला आणि लोणावळ्याजवळच्या वलवणच्या त्या छोट्या वर्कशॉपात तो तीस वर्षं पाळला गेला. एकदा एका कंपनीच्या साहेबाने फडकं असताना विचारलं, "अहो, किती वेळ लागेल?" भाऊंनी मशीन बंद केलं, हात पुसले, म्हणाले, "आता उद्या या," आणि चहाला निघून गेले. साहेब खरोखर दुसऱ्या दिवशी आला. न येऊन सांगतो कुणाला, तसं काम करणारा दुसरा माणूस खंडाळ्यापासून वडगावपर्यंत नव्हता.

काम होतं गेज घासायचं. गेज म्हणजे पोलादाची कडक पट्टी, जिच्यावरून कारखान्यातले लोक बाकीची मापं तपासतात. मापाचं माप म्हणा. ते घासायला एक जुनं ग्राइंडिंग मशीन होतं. फिरणारा दगड, खाली लोखंडी पाट, आणि उजव्या हाताला भाऊंची लाडकी रॅचेट. शंभर दात्यांचं एक चाक, त्याला एक दांडा, दांड्याच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली एक खिटी. दांडा एकदा ओढला की खिटी एक दाता पुढं ढकलते, टक् असा खटका होतो, आणि वरचा दगड केसाच्या तिसाव्या हिश्श्याएवढा खाली उतरतो. एवढंच. सांगायला एवढंच, पण करून बघा म्हणजे कळेल.

कारण दांडा हाताने ओढायचा, आणि हात म्हणजे हात. मनगट जरा जास्त आलं की खिटी दोन दाते ढकलते. टक्-च्या ऐवजी टक्-टक् होतं. मायक्रोमीटरने माप घेत घेत जवळ यायचं, पण शेवटचे पाच खटके इतके बारीक की तो मायक्रोमीटरही तिथं मुका. ते पाच खटके कानावरच घ्यायचे. जोडखटका ऐकू आला की पुढची ओढ गाळायची, हिशोब बरोबर. एवढ्या घरघरीत तो दुसरा टक् ऐकू येणारा कान गेणूभाऊंचा. थोरले मालक बाजीराव आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे, "आमच्याकडे दोन मशीन आहेत, एक लोखंडाचं आणि एक गेणू."

भाऊ तेव्हा मान खाली घालायचे, पण ते बोलणं त्यांना किती गोड लागायचं ते त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना विचारा. घरी येऊन तीनदा सांगायचे. एकोणिसाव्या वर्षी भाताची लावणी धाकट्या भावाच्या गळ्यात टाकून माणूस वर्कशॉपात कामाला गेला, तेव्हा अख्ख्या औंढ्याने नावं ठेवलेली. बाजीरावांच्या त्या एका वाक्याने सगळी भरपाई झाली होती.

बाजीराव गेल्याला आता दोन वर्षं झाली. मुलगा निलेश शिकलेला, शांत, वळणाचा पोरगा. वळण कसं, तर गेल्या वर्षभरात त्याने भाऊंना कधी पाठीमागून हाक मारली नाही. समोर येऊन उभा राहायचा, भाऊंनी वर बघितलं की सावकाश बोलायचा. मालक झाला तरी माज नाही, असं भाऊ घरी सांगायचे. झुंबरबाई नुसतं हं करायच्या. त्याही अलीकडे त्यांना हाक मारत नसत, खांद्याला हात लावत. म्हातारपणी बायको जरा मऊ झाली, असा भाऊंनी आपला समज करून घेतला होता.

ऐकू कमी येत होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ते लोकांचं ऐकू येत नव्हतं. लोक हल्ली पुटपुटतात, मोबाइलमध्ये तोंड घालून बोलतात, त्याला कान काय करणार? खटका ऐकू येत होता ना, मग झालं. दांडा ओढला की टक् ऐकू यायचा, अगदी पहिल्यासारखा. गेज झालं की तेल लावायचं, तेलकट कागदात बांधायचं, पिवळ्या दोऱ्याची गाठ मारायची, वर पेन्सिलीने तारीख आणि नाव. पुडकं निलेशच्या काचेच्या खोलीत जायचं, तिथं तो यंत्रावर तपासायचा. दोन दिवसांनी भाऊ विचारायचे, "काय रं, पास का?" निलेश म्हणायचा, "पार्टी खूश आहे, भाऊ." मग त्या दिवशी घरी जाताना पाय हलके पडायचे.

भाद्रपदात निलेश समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, सोमवारी मशीनला डिजिटल बसवतोय. माणूस येणार आहे. रॅचेट निघेल."

भाऊंनी फडक्याला हात पुसले. "निगंल म्हंजी?"

"म्हणजे काढून टाकू. बटण दाबलं की दगड हवा तेवढा खाली येतो. आकडा दिसतो. त्रास नाही."

"तरास कुनाला व्हतोय? मी कदी म्हनलो?"

निलेश खाली बघत राहिला. भाऊंचं डोकं सणकलं. बापाने जी वस्तू सोन्यासारखी जपली ती हा पोरगा भंगारात घालणार, आणि का, तर आकडा दिसत नाही म्हणून. रॅचेट गेल्यावर गेणू कोण? बटण तर कुणीही दाबेल. त्यांचं अख्खं आयुष्य त्या दांड्याच्या मुठीएवढं होतं, आणि तेच हा स्क्रू काढून बाजूला ठेवायला निघाला होता.

"ऐक," ते म्हणाले. "शनिवारी एक गेज मी घासतो. तुज्या काचेच्या खोलीत माज्यासमोर तपास. एका खटक्याचा जरी फरक निगाला तर मी सोता पाना घिऊन ती रॅचेट काढतो. न्हाई निगाला तर त्या मानसाला सांग, घरी बस."

"राहू द्या ना भाऊ. परीक्षा कशाला?"

"का? भ्यालास?"

निलेशचा चेहरा असा काही झाला की भाऊंना वाटलं, लागलं वाटतं पोराला. शेवटी तो म्हणाला, "बरं. शनिवारी."

भाऊ त्या आठवड्यात पुन्हा तिशीचे झाले. दोनदा रॅचेट उघडली, रॉकेलने धुतली, दात्यांमधली काजळी काडीने काढली. झुंबरबाईंना म्हणाले, "पोरगं आपल्या बापाला इसरलं. शनिवारी आठवन करून देतो." त्या भाकरी थापत होत्या. थापता थापता थांबल्या. काही बोलायच्या बेतात होत्या, पण बोलल्या नाहीत. खरंतर तेव्हाच बोलायला हवं होतं.

शुक्रवारी निलेश चाकणला गेला होता. वर्कशॉपातले दोघे कामगार जेवायला बाहेर. बाहेर धुकं इतकं दाट की समोरच्या चिक्कीच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसत नव्हती. भाऊंनी खिटीची स्प्रिंग बोटाने दाबून पाहिली, ढिली लागली. उद्याच्या कामाला ढिली स्प्रिंग नको. बाजीरावांनी तसल्या स्प्रिंगा डझनाने आणून ठेवलेल्या होत्या, काचेच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. किल्ली कुठं असते ते भाऊंना ठाऊक होतं, बाजीरावांच्या फोटोच्या पाठीमागे. पूर्वी शंभर वेळा काढली होती. बाजीराव गेल्यापासून मात्र नाही.

कपाट उघडलं तर आत बल्ब जळत होता. लोणावळ्याच्या दमट हवेत लोखंड चार दिवसांत तांबडं पडतं, म्हणून जपायच्या वस्तूंच्या कपाटात इथं साठचा बल्ब कायम चालू ठेवतात. त्या पिवळ्या उजेडात वरच्या फळीवर स्प्रिंगांचा डबा होता. आणि खालच्या तिन्ही फळ्यांवर पुडकी होती. तेलकट कागद, पिवळा दोरा.

भाऊंनी एक उचललं. गाठ त्यांचीच. वर त्यांचंच अक्षर, गेल्या गणपतीतली तारीख. दुसरं उचललं, दिवाळीतलं. मग संक्रांतीचं. मग शिमग्याचं. सगळ्यात वर गेल्या आठवड्यातलं होतं, ज्याबद्दल निलेश म्हणाला होता की पार्टी खूश आहे. काही पुडक्यांवर निलेशच्या बारीक अक्षरात आकडे होते. एक खटका जास्त. दोन खटके जास्त. एक. तीन. दोन.

तर पार्टीला कुठली गेजं गेली? कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती, तळेगावच्या कुठल्याशा वर्कशॉपची, वर्षभरात करून दिलेल्या गेजांची तारीखवार यादी. भाऊंना अक्षरओळख होती, वाचायला वेळ लागला नाही. त्यांनी घासलेलं एकही गेज वर्षभरात या दारातून बाहेर गेलं नव्हतं. निलेश ती कपाटात ठेवत होता, दुसरीकडून करून आणत होता, आणि समोर येऊन सावकाश सांगत होता, पार्टी खूश आहे.

टाकून तरी द्यायची होतीस, मेल्या. बल्ब कशाला लावलास?

भाऊ मशीनपाशी आले. मशीन बंद होतं, सगळं सामसूम. त्यांनी खडूने एका दात्यावर खूण केली आणि दांडा ओढायला लागले, अगदी शिस्तीत, एकेक मोजून. दहा ओढी. टक्, टक्, टक्, दहा वेळा. मग वाकून दाते मोजले. तेरा पुढं गेले होते.

पुन्हा केलं. बारा.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी एरवी त्यांना कधीच सुचली नसती. डोळे मिटले, दांडा धरला, आणि ओढल्याचं नुसतं मनात आणलं. हात हलवलाच नाही. तरी टक् ऐकू आला. अगदी स्वच्छ, पहिल्यासारखा.

म्हणजे ते आता काहीच ऐकत नव्हते. खटका कानात नव्हता, सवयीत होता. वर्षभर, कदाचित त्याही आधीपासून, ते लाल फडकं टाकून, सगळ्यांना गप्प बसवून, आपल्याच डोक्यातला आवाज मोजत बसले होते. आणि ते सगळे गप्प राहिले होते. ते दोघे कामगार, निलेश, चहावाला, घरी झुंबरबाई. सगळ्यांना ठाऊक होतं. समोर येऊन उभं राहणं, खांद्याला हात लावणं, ते वळण नव्हतं आणि मऊपणाही नव्हता. भाऊंना लाज वाटली. दगडावर गेज तडकून हात गेला असता तर परवडलं असतं, असं त्यांच्या मनात आलं. पुडकी त्यांनी होती तशी लावली, कपाट बंद केलं, किल्ली फोटोच्या मागं ठेवली. फोटोकडे पाहिलं नाही.

घरी काही सांगितलं नाही. झुंबरबाईंनी खांद्याला हात लावून जेवायला बोलावलं तेव्हा ते ताडकन म्हणाले, "बहिरा हाय काय मी?" मग ताट ओढून घेतलं आणि मुकाट्याने जेवले.

शनिवारी सकाळी निलेश आला तो तोंड उतरलेलाच. रात्रभर झोपला नसावा. टेबलावर नवं पोलाद काढून ठेवलं होतं. गेणूभाऊ मशीनपाशी उभे होते, पण फडकं टाकलेलं नव्हतं. हातात पाना होता.

निलेश समोर येऊन उभा राहिला. "भाऊ? सुरू करायचं ना?"

"न्हाई रं," भाऊ म्हणाले. "रातच्याला मनगट धरलं. लय ठनकतंय. दांडा वढवत न्हाई आता."

"मग पुढच्या आठवड्यात करू."

"पुडं काय आन् मागं काय. वय झालं. तू तुजा तो आकड्याचा डबा बसीव."

"खरंच म्हणताय?"

"खोटं कशाला बोलू?" त्यांनी उजवं मनगट डाव्या हातात धरून दाबून दाखवलं. "आपलं माप चुकल्यालं नव्हतं म्हना. पन हात साथ देईना, त्याला काय इलाज?"

"नाही भाऊ," निलेश म्हणाला. "तुमचं माप कधीच चुकलं नाही."

हे बोलताना पोराच्या तोंडावरचा भार असा उतरला की जणू कुणी डोक्यावरचं पोतं उचललं. वर्षभराचं ओझं. आपण त्याला केवढं दमवलं ते भाऊंना त्या तोंडावर दिसलं, आणि कपाट उघडलं तेव्हा लागलं नव्हतं तेवढं तेव्हा लागलं.

चार बोल्ट होते. दुखऱ्या मनगटाने त्यांनी चारही सहज काढले, ते निलेशच्या ध्यानात आलं नाही. चाक, दांडा, खिटी वेगळी केली. तेल लावलं. तेलकट कागदात बांधली, पिवळ्या दोऱ्याची गाठ मारली. पेन्सिलीने तारीख टाकली. नाव टाकायला पेन्सिल टेकवली आणि उचलून खिशात ठेवली.

"कपाटात ठिव," ते म्हणाले. "गंजंल न्हाईतर."

निलेशने पुडकं घेतलं आणि काचेच्या खोलीकडे निघाला. चालता चालता, मागे न वळता, काहीतरी बोलला. मोकळेपणाने बोलला असावा, त्याचे खांदे हलत होते. वर्षभरात पहिल्यांदाच तो समोर यायला विसरला.

गेणूभाऊंनी त्याच्या पाठीकडे बघितलं.

"व्हय," ते म्हणाले.

निलेश दारात थांबला आणि, भलतंच उत्तर आल्यासारखा, वळून त्यांच्याकडे बघत राहिला.