ज्यांनी ऐकायचं नव्हतं

खालापूरच्या कॉलेजात माझ्या टेबलावर एक पट्टी आहे. तिच्यावर अँटेना बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकते. नेमक्या जागी आली की निरोप ज्याच्यासाठी आहे त्याला खणखणीत पोचतो आणि चोरून ऐकणाऱ्याच्या हाती नुसती खरखर लागते. मुलं विचारतात, मॅडम, याचा उपयोग काय? माझं डोकंच फिरतं.

आई गेली तेव्हा बाबा माथेरानच्या एका हॉटेलात आचारी होते. त्यांचा मोबाइल लागेना. आमच्याकडे अशी बातमी थेट सांगत नाहीत. सीरियस आहे म्हणून माणसाला घरी आणायचं, मग दारात कळतंच. काकांनी हॉटेलच्या ऑफिसात फोन करून तसं बजावलं. मॅनेजरने वॉकीटॉकीवरून वाढप्याला कळवलं, "आचाऱ्याची बायको गेली. त्याला बोलू नको. सीरियस हाय सांग आणि खाली पाठव." वाढपी स्वयंपाकघरात बाबांच्या शेजारीच उभा होता, आणि वॉकीटॉकीचा आवाज पूर्ण सोडलेला.

हे त्यानेच मला तेराव्याला रडत रडत सांगितलं. बाबांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "काय म्हनतायत साहेब?"

"वहिनी सीरियस हायत."

"बरं," एवढंच म्हणाले.

म्हणजे माझ्या हिशेबात चोरून ऐकणारे ते बाबा. दोघे इतके जवळ असले की अँटेना कुठेही सरकवा, एकाला मिळतं ते दुसऱ्यालाही मिळतं. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं आहे. जमत नाही, आणि दर वेळी मला रडू येतं.

त्या दिवशी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी बाबांना आणायला स्कूटर घेऊन दस्तुरीला गेले; तिथून पुढे माथेरानात गाडी नेऊ देत नाहीत. डोळे सुजले होते म्हणून गॉगल लावला होता.

"आई बरी हाय, जरा दम लागतोय," मी म्हटलं.

बाबा मागे बसले. "मग हळू चालव गं. घाई नाय."

नेरळला त्यांनी थांबायला लावलं, चहा सांगितला. मला असा संताप आला! तिकडे आईला अंगणात ठेवलेलं, आणि हे बशीत चहा ओतून फुंकतायत. मग त्यांनी भजी घेतली आणि वेगळी बांधायला सांगितली.

"तुझ्या आयेला आवडतात," माझ्याकडे न बघता म्हणाले. "गरम हायत तवर पोचू ना?"

मी म्हटलं, "पोचू."