खळ्यातलं विमान

“भात हाय काय, चार महिन्यान कापायला?”

किती दिवस लागतील, असं कुणीही विचारलं की त्यांचं हे उत्तर ठरलेलं. उत्तर देताना समोरच्याकडे बघायचंसुद्धा नाही. कानामागची पेन्सिल काढायची, पत्र्यावर खूण करायची, पेन्सिल परत कानामागे. विचारणारा उभा तो उभाच. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा मी विचारला असेन आणि दर वेळी मला त्या उत्तराचा संताप आला. मी आहेच तापट. ठाण्याच्या पॉलिटेक्निकमध्ये जन्मभर ड्रॉइंग शिकवलं, वेळेत शीट दिली नाही की पोरांना वर्गाबाहेर काढलं. आणि हा गृहस्थ घरी विमान बांधायला घेतो आणि कधी होणार विचारलं तर भाताचं सांगतो!

हो, विमानच. दिवाळीच्या प्रदर्शनातलं नव्हे. दोन माणसं बसतील असं, उडायचं विमान. परदेशातून लाकडी खोक्यांत त्याचे सुटे भाग येतात आणि आपण घरी बसून एकेक रिव्हेट मारत ते जोडायचं. असं काही असतं, हे मलाही तोवर माहीत नव्हतं.

मी निवृत्त होऊन कोपर स्टेशनजवळच्या घरी नुकती टेकले होते, तेव्हा माझ्या एका विद्यार्थिनीचे हे काका दारात येऊन उभे राहिले. एका हातात वालाच्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात कागदांची गुंडाळी.

“बाई, तुमाला नकाशा वाचता येतो म्हने.”

“नकाशा नाही, ड्रॉइंग.”

“तेच त. मी कंपनीन फिटर होतू. रेघ मना समजते. पन हितं रेघ कमी आनि विंग्रजीच जास्त.”

शेंगा मी ठेवून घेतल्या आणि तिथेच फसले. त्यानंतर दर रविवारी रिक्षा करून त्यांच्या गावी जाणं सुरू झालं.

गाव म्हणजे आता नावाला गाव. तिन्ही बाजूंनी टॉवर. लोकांनी जमिनी विकल्या, बंगले बांधले, फाटकावर सिंह बसवले. ह्या काकांनीही एक तुकडा विकला. बंगल्याऐवजी खळ्यावर, म्हणजे जिथे पूर्वी भात झोडपायचे तिथे, मोठी पत्र्याची शेड घातली आणि ती खोकी आणली. त्यांची बायको मला पहिल्याच दिवशी म्हणाली, “लोकांचे नवरे जमीन इकून सोनं आनतात. आमच्यांनी पत्रा आनला. तो पन गंजत नाय म्हनं, त भंगारवाला पन लवकर येनार नाय.”

ते हसले. “ही माजी पयली परवासी.”

“मना बसवाल त याद राका!” ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

पण विमानच का? बोट घ्यायची, ट्रक घ्यायचा. हे मी एकदा चिडूनच विचारलं. तेव्हा त्यांनी हातातलं ड्रिल खाली ठेवलं आणि मला खळ्याच्या टोकाला नेलं. पुढे नुसतं गवताळ रान. मोडकं कुंपण, त्याच्या फटीतून गुरं आत-बाहेर करतायत. एक फाटक आणि त्यावर प्रवेशबंदीचा बोर्ड.

ही त्यांच्या बापाची जमीन. महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने विमानतळ करायचा म्हणून घेतली. लढाई संपली की परत देऊ, असं बापाला सांगितलं होतं म्हणे. लढाई संपली. बाप रोज संध्याकाळी ह्याच बांधावर येऊन बसायचा आणि आभाळात बघायचा. जमीन काही परत आली नाही आणि ह्यांच्या जन्मापासून तिथे विमानही कुणी पाहिलं नाही.

“अर्ज करून बापूस गेला. मी पन केले. आता नाय करनार,” ते म्हणाले. “जमीन नाय देत? नका देऊ. पन ज्याच्यासाटी घेतली, ते तरी तितं आलं पायजे ना? मी आननार. बापसाची जमीन फुकट नाय गेली पायजे.”

असा राग मी कधी पाहिला नव्हता. आमचा राग कुकरच्या शिट्टीत संपतो. हा माणूस तो राग रोज सकाळी नीट घडी उघडून वापरायला काढत होता. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले. भांडणं मात्र चालूच राहिली.

सगळ्यात मोठं भांडण वेळेवरून. खोक्यांबरोबर आलेल्या पुस्तकात कामाचे तास दिले होते. मी हिशोब करून त्यांना सांगितलं की इतक्या दिवसांत व्हायलाच हवं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“बाई, ह्या तासांत लाईट जाते काय?”

“नाही.”

“गनपती हायेत? भावकीतली हलद? मयत?”

“नाहीत हो!”

“मंग हे तास आमच्या गावचे नाय.”

आणि खरंच, त्यांचं काम त्यांच्याच गावच्या तासांनी चालायचं. एक रिव्हेट तिरका बसला की काढून पुन्हा मारायचा. मला दिसायचाही नाही तो तिरकेपणा. “चालेल की!” मी म्हणायचे. “चालंल. पन उडनार नाय,” असं म्हणून ते डोळे मिटून रांगेवरून तळवा फिरवत आणि नेमके त्या रिव्हेटपाशी थांबत.

आता माशांची गोष्ट. मे महिना होता. पंखाचा वरचा पत्रा नुकताच बसवून झाला होता, रंग बाकी होता. हे एका लग्नाला खडवलीला गेले आणि पाहुण्यांनी आग्रह केला म्हणून तिकडेच राहिले. इकडे पावसाळ्याची बेगमी करायची म्हणून बायकोने बांगडे खारवले. वाळवायला जागा शोधत शेडमध्ये आली. समोर हा लांबलचक, चकचकीत, सपाट पंख. तिने तो उन्हात ओढून घेतला आणि त्यावर एका ओळीत बांगडे मांडले. मांजरही चढू शकत नाही म्हणून खूशही झाली!

रविवारी मी पोहोचले तेव्हा हेही नुकतेच परतले होते. बांगडे उचलले तर खाली पत्र्यावर मिठाने पांढरे फोड आलेले. ॲल्युमिनियम पार खाल्लं होतं. आख्खा पत्रा उपटून नवीन बसवायचा, म्हणजे वर्ष गेलंच. मी असली भडकले! त्या बिचारीला नाही नाही ते बोलले असते, पण तिचं तोंड बघितलं. ती रडायच्या बेतात होती.

त्यांनी नखाने एक फोड खरवडून बघितला. मग एक बांगडा उचलून त्याचा वास घेतला.

“चांगला सुकलाय गो,” ते तिला म्हणाले. “बाईंना चार बांधून दे.”

“अहो, आणि पंख?” मी ओरडले.

पेन्सिल कानामागून निघाली. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याबरोबर शेडमध्ये बसायला लागली. ते आतून ठोकळा धरायचे, ही बाहेरून रिव्हेट मारायची. दोघं एकमेकांना शिव्या घालत तो पंख पुन्हा पुरा करत होती आणि मी सांगते, पहिल्यापेक्षा चांगला झाला.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, कल्याणच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. विमान उभं होतं. पंख, शेपटी, चाकं, काच, सगळं झालं होतं. फक्त इंजिन बसायचं होतं. मला रडू नंतर आलं, आधी राग आला. एवढं करून शेवटी इंजिनापाशी? दारात भंगारवाला आला तेव्हा मात्र त्यांच्या बायकोने त्याला असा हाकलला की तो वजनकाटा तिथेच टाकून पळाला.

भात कापणी झाल्यावर तिचा फोन आला. “बाई, उद्या सकाली या. साडी बरी नेसा.”

गेले. नाकावर झेंडूचा हार घातलेलं विमान ट्रॅक्टरला बांधलेलं होतं. रस्ता अरुंद, म्हणून पंख काढून मागच्या ट्रॉलीत ठेवले होते. भावकीतली माणसं, बायका, सगळे बरोबर. वरात निघाली ती थेट त्या फाटकापाशी. तिथला गार्ड, साताऱ्याकडचा तरुण पोरगा, धावत आला.

“ओ मावशी, थांबा! आत यायला बंदी आहे. ही विमानतळाची जागा आहे.”

“मंग?” ती म्हणाली. “इमानच आनलंय.”

पोराने एकदा विमानाकडे, एकदा बोर्डाकडे बघितलं. गुरं कुंपणाच्या फटीतून नेहमीसारखी आत चालली होती. त्याने साहेबाला फोन लावला. “सर, विमान आलंय... नाही सर, ट्रॅक्टरनं... नाही सर, मी प्यायलेलो नाही.” तो कोपऱ्यात जाऊन समजावत होता, तेवढ्यात बायकांनी कुंपणाची फट हाताने रुंद केली. सगळ्यांनी ढकलून विमान आत घातलं आणि पंख जोडायला घेतले. शेवटचा बोल्ट तिने स्वतः आवळला. मग पुढच्या चाकाला हळदकुंकू लावलं आणि चाकाखालच्या मातीला हात लावून तो कपाळाला लावला.

“उतरलं हो,” ती म्हणाली. “मामंजी, इमान उतरलं.”

मी मान वळवली. माझे डोळे गळत होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते.

गार्ड घामाघूम होऊन परत आला. बाकीच्यांकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती. चष्मा, पांढरे केस, बरी साडी बघून तो माझ्याकडे वळला.

“मॅडम, तुम्ही तरी सांगा. साहेब विचारतायत, हे इथून कधी हलवणार? किती दिवस लागतील?”

मी जन्मभर शुद्ध मराठीत पोरांना झापलं आहे. त्या दिवशी मात्र मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“भात हाय काय रे,” मी म्हटलं, “चार महिन्यान कापायला?”